उत्प्रेरक सहाव्या तासाला का मरतो, ते शोधू द्या

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि व्यवस्थापन मंडळाचे सर्व सदस्य

विषय : रसायनशास्त्र विभागाची संशोधन प्रयोगशाळा बंद करण्याचा निर्णय

सप्रेम नमस्कार.

गेल्या सोमवारी दुपारी शिपाईमामांनी परिपत्रक हातात आणून दिलं. तिसऱ्या मजल्यावरची आमची संशोधन प्रयोगशाळा नवं शैक्षणिक वर्ष सुरू होण्याआधी रिकामी करायची, तिथे संगणकाचा वर्ग होणार आणि उपकरणं ‘आवश्यकतेनुसार’ इतर विभागांना दिली जाणार, एवढाच मजकूर. साडेपाच ओळी. त्या खोलीत मी एकवीस वर्षं काम केलं आहे.

मी त्याच दिवशी लेखी अर्ज दिला. प्राचार्यांना भेटले. त्यांच्या हातात काही नाही, असं त्यांनी सांगितलं. आपल्या कार्यालयाकडे भेटीची वेळ दोनदा मागितली, ती मिळाली नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. नवी मुंबईतल्या आणि ठाण्यातल्या पालकांनी, आमच्या माजी विद्यार्थ्यांनी, इतर महाविद्यालयांतल्या शिक्षकांनीही ते वाचावं, कारण अशी परिपत्रकं एकट्या आपल्याच इमारतीत निघतात असं मला वाटत नाही. संस्थेचं नाव मी कुठेही लिहिलेलं नाही आणि लिहिणारही नाही. या संस्थेचं मी मीठ खाल्लं आहे, तिची बदनामी मला करायची नाही.

आम्ही त्या खोलीत काय करतो, ते आधी सांगते. उजेडाच्या जोरावर पाण्यातून हायड्रोजन मिळवून देणाऱ्या उत्प्रेरकावर, म्हणजे रासायनिक क्रियेला वेग देणाऱ्या पदार्थावर, आम्ही काम करतो. पाहणीला आलेल्या समितीने ते विचारलंच नव्हतं.

बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतलेल्या कुणालाही विचारा. निकेलच्या गरम द्रावणात डायमिथाइल ग्लायॉक्झिम, म्हणजे आमचं डीएमजी, घालायचं आणि अमोनियाचे थेंब सोडायचे की गुलालासारखा लालभडक साका बसतो. तो गाळायचा, वाळवायचा, तोलायचा आणि जर्नलमध्ये लिहायचं. पिढ्यान् पिढ्या मुलांनी हे प्रॅक्टिकल केलं आहे. त्याच डीएमजीला निकेलऐवजी कोबाल्ट दिला आणि कोबाल्टच्या डोक्यावर पिरिडीनचा एक रेणू बसवला की तपकिरी पूड हाती येते. तिला कोबालॉक्झिम म्हणतात, तोच आमचा उत्प्रेरक. (पिरिडीनचा वास एकदा कपड्यांना लागला की लोकलमध्ये शेजारची बाई उठून दुसरीकडे बसते.) ही पूड १९६०च्या दशकात बी-१२ जीवनसत्त्वाची नक्कल म्हणून तयार झाली, कारण त्या जीवनसत्त्वाच्या मध्यभागीही कोबाल्टच असतो. पुढे १९८३ साली फ्रान्समध्ये ज्याँ-मारी लेन यांच्या गटाने दाखवलं की योग्य सोबती दिले तर कोबालॉक्झिम उजेडात हायड्रोजन तयार करतं. २००९ मध्ये अमेरिकेत रॉचेस्टरच्या गटाने त्याला उजेड शोषणाऱ्या इओसिन वाय या साध्या रंगाची जोड दिली आणि प्लॅटिनमसारख्या एकाही महागड्या धातूशिवाय हायड्रोजन मिळवला. इओसिन म्हणजे दवाखान्यातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काचपट्ट्या रंगवायला वापरतात, तोच. ही दोन्ही रसायनं आपल्या महाविद्यालयाच्या कपाटात आहेत.

यामागची कल्पना माणसाची नाही, जीवाणूंची आहे. ठाण्याहून वाशीकडे गाडीने जाताना ओहोटीच्या वेळी खाडीचा जो वास येतो, तो सगळ्यांच्या ओळखीचा आहे. तशा काळ्या, हवा न पोचणाऱ्या गाळात सल्फेटवर जगणारे जीवाणू असतात. त्यांच्या कुळात हायड्रोजन घडवणारं हायड्रोजनेज नावाचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, सापडतं. हे नाव १९३१ साली केंब्रिजमध्ये मार्जोरी स्टीफन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्याने दिलं. याच कुळातल्या एका जीवाणूच्या हायड्रोजनेजची रचना १९९५ मध्ये फ्रान्सच्या ग्रनोबलमध्ये उलगडली. गाभ्यात निकेल आणि लोखंड. तीन-चार वर्षांत दुसऱ्या जातीच्या हायड्रोजनेजची रचना कळली, तिच्यात नुसतं लोखंड. आणि त्या लोखंडाला चिकटलेले होते कार्बन मोनॉक्साइड आणि सायनाइड, ज्यांनी माणूस मरतो ते दोघे. ते चित्र मी एम.एस्सी. झाल्यावर पहिल्यांदा पाहिलं आणि माझ्या आयुष्याचं काम ठरलं. लोखंडासारख्या स्वस्त धातूकडून जीवाणू सेकंदाला हजारो रेणू हायड्रोजन घडवून घेतो, त्या कामासाठी आपण प्लॅटिनम विकत आणतो. लोखंडाच्या शेजारी नायट्रोजनचा एक अणू बसलेला असतो. तो आलेला प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनच्या अणूचा गाभा, झेलतो आणि धातूच्या हाती देतो. ही युक्ती उचलून डॅनियल ड्युबॉइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निकेलभोवती असेच नायट्रोजन बसवले आणि २०११ मध्ये सेकंदाला एक लाखाच्या वर रेणूंचा वेग मिळवला. त्यासाठी त्यांना विजेचा दाब जास्त द्यावा लागत होता, तो प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही कोबालॉक्झिमवर पिरिडीनच्या जागी अमिनो आम्लं बसवून पाहतो. त्यामुळे रेणू पाण्यात विरघळतो, आणि प्रोटॉन झेलायला एक हात मिळतो.

आम्ही पाणी पूर्ण फोडत नाही, हेही इथेच लिहिते. आम्ही अर्धंच काम करतो, हायड्रोजनच्या बाजूचं. त्यासाठी लागणारे इलेक्ट्रॉन ट्रायइथेनॉलअमाइन नावाचं रसायन देतं आणि ते देताना स्वतः संपतं. ऑक्सिजनच्या बाजूचं काम जगात दुसरे लोक करतात. दोन्ही बाजू जुळतील तेव्हा ऊन आणि पाणी एवढ्यावर इंधन होईल. ते उद्या होणार नाही. मी असं आश्वासन कधी कुणाला दिलेलं नाही, प्रकल्पाच्या अर्जातही नाही.

यात माझं स्वतःचं काय आहे, तेही सांगते.

माझे वडील ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका रासायनिक कंपनीत ऑपरेटर होते. आम्ही कोपरीत राहायचो. पहाटे साडेपाचला कंपनीची बस यायची. वडील रात्रपाळी करून आले की आई त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची. तुर्भ्यापासून घणसोलीपर्यंतची धुराडी मी लहानपणी खिडकीतून मोजायची. जी कंपनी घर चालवत होती तिच्याच धुराने बाबांचा खोकला वाढत होता आणि या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नव्हत्या. मी बारावीत होते तेव्हा कंपनी बंद पडली. बाबांना हायड्रोजन माहीत होता. तो त्यांच्या कामाचा भाग होता, लाल सिलिंडरमधला, नैसर्गिक वायू आणि वाफ यांच्यापासून बनवलेला. त्या पद्धतीत एक किलो हायड्रोजनमागे साधारण दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. १९१२ साली जाकोमो चामिचान नावाच्या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने लिहून ठेवलं होतं की एक दिवस धुराडी नसलेले कारखाने उन्हावर चालतील. मी पीएच.डी. संपवून जर्मनीत रुर नदीकाठच्या म्युल्हाइम गावात दोन वर्षं काम केलं. तिथे राहायची संधी होती. मी परत आले, आणि मुद्दाम याच पट्ट्यात नोकरी धरली. इथल्या मुलांना धुराडी दाखवावी लागत नाहीत.

आता तक्रारी.

पहिली पाहणीची. समिती मे महिन्यात आली, महाविद्यालयाला सुट्टी असताना. मी आणि माझी एक विद्यार्थिनी हजर होतो, कारण आम्ही सुट्टीतही काम करतो. सदस्य खोलीत दहा-बारा मिनिटं होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला : इथे दिवसाला किती किलो हायड्रोजन होतो? मी म्हटलं, एका कुपीत दिवसभरात काही मिलिलीटर. ते त्यांनी लिहून घेतलं. अहवालात पुढे आलं, ‘उत्पादनक्षम नाही.’

साहेब, ही प्रयोगशाळा आहे. तिथे हायड्रोजन विकायला तयार होत नाही, तो कसा होतो आणि कधी थांबतो हे कळायला तयार होतो. त्या दिवशी त्यांनी अजून एक तास थांबायला हवं होतं. मी दाखवलं असतं. काचेच्या कुपीत कोबालॉक्झिम आणि इओसिनचं नारिंगी-गुलाबी द्रावण असतं, कडेने पाहिलं तर हिरवट झळाळी मारणारं. रबरी बुचातून सुई घालून वीस मिनिटं आर्गॉन सोडायचा, म्हणजे आतली हवा निघून जाते. मग हिरव्या एलईडीसमोर ठेवायचं. तासातासाला बारीक सिरिंजने द्रावणावरच्या वायूचा थेंबभर नमुना काढायचा आणि जीसीत, म्हणजे वायू वेगळे करून मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये, सोडायचा. पडद्यावरच्या आलेखात सगळ्यात आधी हायड्रोजनचं टोक उमटतं, मग ऑक्सिजनचं, मग नायट्रोजनचं. नायट्रोजनचं टोक मोठं आलं की बूच गळतंय, प्रयोग वाया गेला, उद्या पहिल्यापासून. असे वाया गेलेले दिवस माझ्या विद्यार्थिनीच्या वहीत लाल शाईने लिहिलेले आहेत. ती ते खोडत नाही. मीच तसं शिकवलं आहे.

पहिले तीन तास टोक वाढत जातं. चौथ्या तासाला वाढ मंदावते. सहाव्या तासाला थांबते. द्रावण फिकट पडतं, हिरवी झळाळी जाते. आमच्या भाषेत उत्प्रेरक मेला. पण खरंच उत्प्रेरकच मेला का? सहा तासांनी आम्ही त्याच कुपीत नुसता ताजा रंग घातला, तेव्हा हायड्रोजन पुन्हा सुरू झाला, पण आधीच्या जोमाने नाही. दुसऱ्या कुपीत नुसतं मोकळं डीएमजी घातलं. तिसरीत दोन्ही घातलं, आणि ती जवळपास पहिल्यासारखी चालली. म्हणजे रंगही उडतोय आणि कोबाल्टच्या अंगावरचं डीएमजीही गळून पडतंय. दोघांपैकी आधी कोण जातं, आणि एकाच्या जाण्याने दुसऱ्याचं जाणं ओढवतं का, या प्रश्नावर आम्ही आज उभे आहोत. त्याचं उत्तर मिळालं तर रेणू कुठे बळकट करायचा ते कळेल. आणि नेमकी इथेच खोली रिकामी करायची आहे.

दुसरी तक्रार या खोलीत काम करणाऱ्या माझ्या दोन विद्यार्थिनींची. दोघींची विद्यापीठात पीएच.डी.ची नोंदणी झालेली आहे. एकीला राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे, महिना ३७,००० रुपये, आणि तिची मुदत मोजलेली आहे. दुसरी घणसोली गावातली. तिला शिष्यवृत्ती नाही. ती सकाळी प्रयोगशाळेत येते आणि संध्याकाळी कोपरखैरण्यात दहावीच्या शिकवण्या घेते. गेल्या वर्षी एका रात्री वीज गेली, मधल्या वेळात आर्गॉनचं सिलिंडर संपलं, वीज परत आली आणि वायूचा प्रवाह नसताना जीसीची फिलामेंट तापून जळाली. जीसीसाठी यूपीएस द्यावा, म्हणून मी त्याआधी तीन पत्रं दिली होती. देखभालीचा करारही नूतनीकरणावाचून पडून होता. दुरुस्तीला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत ही मुलगी कुप्या थर्मोकोलच्या खोक्यात घालून घणसोलीहून ठाण्याला, ठाण्याहून माटुंग्याला जायची. तिथल्या एका प्रयोगशाळेने उपकार म्हणून आठवड्यातले दोन तास दिले होते. हायड्रोजनचा रेणू सगळ्यांत लहान. सुई टोचून टोचून भोकं पडलेल्या रबरी बुचातून तो हळूहळू निसटतो. माटुंग्याला पोचेपर्यंत कुपीत किती उरला, हे तिला मोजून काढावं लागलं. प्रवासात किती गळतो, याच्या वेगळ्या चाचण्या तिने केल्या, त्याचा आलेख काढला आणि प्रत्येक आकड्यात तेवढी दुरुस्ती केली. तो आलेख मी जपून ठेवला आहे. एवढं करणाऱ्या मुलीला ‘तुझं टेबल आता दुसरीकडे’ असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. आणि दुसरीकडे म्हणजे कुठे? आर्गॉनची लाइन, अंधार करता येणारी खोली, निर्वात पंप हे टेबलाबरोबर उचलून नेता येत नाही. पुन्हा बसवायला सहा महिने लागतील, आणि तेवढे महिने त्या दोघींकडे नाहीत.

तिसरी, सुरक्षिततेची. हायड्रोजन स्फोटक आहे, असं कारण तोंडी सांगण्यात आलं. बरोबर आहे. हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत असेल तर तो पेट घेतो, आणि अशा वायूबरोबर काम करताना बेफिकिरी चालत नाही. पण आमच्याकडे हायड्रोजनचं सिलिंडर नाही. सिलिंडर आर्गॉनचं आहे आणि आर्गॉन जळत नाही. हायड्रोजन असतो तो बोटभर कुपीत, एक-दोन चमचे. खरा धोका खाली, पहिल्या मजल्यावर आहे. बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेतल्या फ्यूम हूडची, म्हणजे विषारी वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटाची, मोटर अडीच वर्षं बंद आहे. ब्रोमीन, पिरिडीन, तीव्र नायट्रिक आम्ल हे सगळं मुलं बंद हूडसमोर हाताळतात आणि खिडक्या उघड्या ठेवतात. पावसाळ्यात खिडक्याही लावाव्या लागतात. माझ्या पत्रांच्या प्रती प्राचार्यांच्या कार्यालयात आहेत. सुरक्षिततेची काळजी असेल तर ती मोटर आधी बदला. मी आभार मानीन.

चौथी तक्रार लिहिताना मला वाईट वाटतं. यंदापासून संस्थेने ‘हरित हायड्रोजन’ या नावाने विनाअनुदानित प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू केला आहे. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर हिरव्या दिव्यासमोर ठेवलेल्या कुपीचा फोटो आहे. तो फोटो आमच्या खोलीतला आहे. हात माझ्या विद्यार्थिनीचा आहे. शुल्क भरणाऱ्या मुलाला वाटेल की इथे आपल्याला हे करायला मिळणार. माहितीपत्रक छापून आलं आणि महिन्याभरात खोली रिकामी करण्याचं परिपत्रक निघालं. अभ्यासक्रमाला माझा विरोध नाही. मी स्वतः तो शिकवीन. पण तो फोटो ठेवायचा असेल तर खोलीही ठेवावी लागेल, नाहीतर ती पालकांची फसवणूक होते.

पाचवी पदांची. विभागातल्या मंजूर पदांपैकी तीन रिकामी आहेत. त्यांचं काम तासिका तत्त्वावरचे तरुण शिक्षक करतात. त्यांना सुट्टीचा पगार नाही आणि पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही, हेही माहीत नाही. असा माणूस सहा वर्षं चालणारा प्रश्न हातात कसा घेणार? माझी निवृत्ती जवळ आली आहे. मी गेल्यावर ही खोली चालवायला कुणी नाही, असं समितीने लिहिलं आहे. ते खरं आहे, पण ते कुणामुळे खरं आहे?

पैशाचा मुद्दा काढला जातो, म्हणून त्याबद्दलही लिहिते. आमचा जीसी, निर्वात पंप आणि दिवे केंद्राच्या संशोधन प्रकल्पाच्या अनुदानातून आले आहेत, संस्थेच्या तिजोरीतून नाही. तो लोकांचा पैसा आहे आणि संशोधनासाठी दिलेला आहे. उपकरण कपाटात बंद करून ठेवणं किंवा दुसऱ्या कामाला लावणं, हे लोकांच्या पैशाशी प्रामाणिकपणे वागणं नव्हे. संस्थेचा खर्च होतो तो वीज, आर्गॉन आणि खोली यांवर. वर्षाचा हिशेब मी अर्जासोबत जोडला होता. तो कुणी पाहिला की नाही, मला कळलेलं नाही.

आणि काळ कोणता आहे तेही पाहा. केंद्र सरकारने ४ जानेवारी २०२३ रोजी राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केलं. १९,७४४ कोटी रुपये, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं लक्ष्य. त्याच वर्षी आपल्या राज्याचं धोरणही आलं. त्या १९,७४४ कोटींत संशोधनाचा वाटा ४०० कोटी, म्हणजे शंभरातले दोन. उरलेला बहुतेक पैसा आज हाती असलेल्या तंत्राला, सौर वीज आणि विजेने पाणी फोडणारे इलेक्ट्रोलायझर यांना आहे. ते तंत्र चांगलं आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण एक किलो हायड्रोजनला त्यात पन्नासहून अधिक युनिट वीज लागते, आणि त्यातल्या एका प्रकाराला प्लॅटिनम आणि इरिडियम लागतं, जे आपल्या देशात जवळपास नाही. लोखंड, निकेल, कोबाल्ट यांच्याकडून ते काम करून घ्यायचं असेल तर कुणीतरी कुठेतरी बसून कोबाल्टच्या अंगावरचं डीएमजी कधी गळतं ते मोजलं पाहिजे. ते काम आयआयटीतच व्हावं, असं मला आपल्यापैकी एकांनी सांगितलं. आयआयटी खाडीपलीकडे पवईला आहे, तिथे चांगलं काम होतं, आणि आमच्या मुलींपैकी कुणी तिथे गेली तर मला आनंदच होईल. पण तिथे जायची इच्छा होण्याआधी मुलीने एकदा तरी स्वतःच्या महाविद्यालयात जीसीचं टोक उमटताना पाहिलेलं असावं लागतं. माझे चार माजी विद्यार्थी आज संशोधनात आहेत. चौघांनीही पहिला प्रयोग तिसऱ्या मजल्यावर केला.

१९७२ साली फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर उजेड पाडून पाणी फोडून दाखवलं. त्याला पन्नासहून अधिक वर्षं झाली आणि ते काम अजून चालू आहे. या विषयाला एवढा वेळ लागतो. मला तेवढा नको आहे.

माझ्या मागण्या या आहेत.

दोन्ही विद्यार्थिनींचे प्रबंध सादर होईपर्यंत प्रयोगशाळा आहे तिथेच, आहे तशी राहू द्यावी. माझा अंदाज अडीच वर्षांचा आहे, आणि दर सहा महिन्यांनी प्रगतीचा लेखी अहवाल द्यायला मी बांधील राहीन. परिपत्रक तोवर लेखी स्थगित करावं. तोंडी आश्वासन मला पुरणार नाही.

ज्या बैठकीत हा निर्णय झाला तिचं इतिवृत्त आणि पाहणी समितीचा पूर्ण अहवाल विभागाला द्यावा. विषय जाणणारा बाहेरचा एक रसायनशास्त्रज्ञ घेऊन पाहणी पुन्हा करावी, आणि ती महाविद्यालय चालू असताना करावी. त्या पाहणीचा निष्कर्ष माझ्याविरुद्ध गेला तरी मी तो मानीन.

पहिल्या मजल्यावरच्या फ्यूम हूडची मोटर पावसाळी सत्राआधी बदलावी. याला कुठल्याही समितीची गरज नाही.

जीसीला यूपीएस आणि देखभालीचा करार द्यावा. अनुदानातून आलेलं कुठलंही उपकरण विभागाच्या लेखी संमतीशिवाय हलवू नये.

रिकाम्या पदांपैकी किमान एक पद पूर्णवेळ भरण्याचा प्रस्ताव या वर्षी शासनाकडे पाठवावा, आणि त्याच्या पाठपुराव्याची कागदपत्रं आम्हाला दाखवावी.

संगणकाच्या वर्गाला जागा हवी आहे, हे मला मान्य आहे. मुलांना तेही शिकायचं आहे. दुसऱ्या मजल्यावरचं जुनं बॅलन्स रूम, म्हणजे तराजूंची खोली, आणि त्याला लागून असलेली भांडारखोली आम्ही विभाग म्हणून रिकामी करून द्यायला तयार आहोत. दोन्ही मिळून तीस संगणक बसतात, मी टेप लावून मोजून पाहिलं आहे. नकाशा कार्यालयात दिला आहे.

बदल्यात आणखी एक गोष्ट मी स्वतःहून करीन. दर शनिवारी दुपारी ही प्रयोगशाळा तृतीय वर्षाच्या मुलांना आणि आसपासच्या कनिष्ठ महाविद्यालयांतल्या मुलांना उघडी ठेवीन. आठवड्याच्या चौदा तासिकांवर हे जादा काम असेल, त्याचा मोबदला मला नको.

येत्या गुरुवारी आम्ही तीन कुप्या एकाच वेळी लावणार आहोत : एकीत ताजा रंग, दुसरीत मोकळं डीएमजी, तिसरीत दोन्ही. दिवा सकाळी नऊला लागेल, पहिला नमुना दहाला काढू. सहावा तास दुपारी तीनला भरतो. मंडळापैकी ज्यांना जमेल त्यांनी तीनच्या आधी यावं. पायात बंद बूट असावेत. चष्मे आमच्याकडे आहेत.

आपली विश्वासू,
रसायनशास्त्र विभागातील एक प्राध्यापिका
नवी मुंबई